एका मोडलेल्या कुळाची गोष्ट

गेल्या हिवाळ्यात शिक्षकांच्या एका कार्यशाळेत एका शिक्षिकेने आमच्यापुढे एक कागद ठेवला. त्यांच्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा आता पदवीच्या पहिल्या वर्षाला होता. प्रात्यक्षिक परीक्षेत त्याला डॉग फ्लॉवरची, म्हणजे अँटिऱ्हायनमची, फांदी मिळाली होती. त्याने फुलाचे वर्णन उत्तम केले होते. पाच पाकळ्या जुळून झालेला दोन ओठांचा मुकुट, दोन लांब व दोन आखूड असे चार पुंकेसर, ऊर्ध्वस्थ आणि दोन कप्प्यांचा अंडाशय, प्रत्येक कप्प्यात असंख्य बीजके, असे सगळे त्यात होते. शेवटी मात्र त्याने लिहिले होते : 'कुळ – प्लँटॅजिनेसी'. परीक्षकांनी ते तांबड्या शाईने खोडून 'स्क्रोफ्युलॅरिएसी' असे लिहिले आणि दोन गुण कापले. मुलगा कष्टी होऊन आपल्या जुन्या बाईंकडे आला. बाईंच्या पुस्तकातही स्क्रोफ्युलॅरिएसी असेच होते. "मग चूक कोणाची?" असे त्यांनी आम्हाला विचारले.

आम्ही त्यांना एका वाक्यात उत्तर दिले, पण त्याने आमचेच समाधान झाले नाही. दोन गुणांच्या या वादामागे वर्गीकरण म्हणजे काय, ते कशावर उभे असते आणि ते का बदलते, असे तीन मोठे प्रश्न आहेत. त्यांचे उत्तर देण्यासाठी या कुळाची कहाणी मुळापासून सांगायला हवी.

गंडमाळेवरून पडलेले नाव

स्क्रोफ्युलॅरिया ही युरोप व आशियाच्या थंड आणि समशीतोष्ण भागांत वाढणारी एक प्रजाती. (येथे 'प्रजाती' हा शब्द अनेक जवळच्या जातींच्या गटासाठी वापरला आहे.) तिच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. हिमालयात काही सापडतात, आपल्या सह्याद्रीत मात्र ती नाही. झाड दिसायला साधेच असते. खोड चौकोनी, पाने समोरासमोर आणि फुले लहान, मडक्याच्या आकाराची, तपकिरी-तांबूस. इंग्लंडमध्ये हिला फिगवर्ट म्हणतात. फुलाचा भडक रंग नाही की मोहक सुवास नाही, तरी गांधीलमाश्या तिच्याकडे आवर्जून येतात. फूल उमलल्यावर आधी कुक्षी तयार होते आणि पुंकेसर नंतर पुढे येतात. त्यामुळे आलेल्या माशीच्या अंगावरचे दुसऱ्या फुलाचे पराग आधी कुक्षीला मिळतात. चार पुंकेसर काम करतात, पाचवा वांझ असून एका चपट्या खवल्याच्या रूपात वरच्या ओठाला चिकटलेला असतो. या पाचव्या पुंकेसराची आठवण ठेवावी, पुढे त्याचे काम पडणार आहे.

तिच्या एका युरोपीय जातीच्या जमिनीतील खोडावर गाठी असतात. मानेवर गाठी येणाऱ्या रोगाला, म्हणजे आपल्याकडच्या गंडमाळेला, लॅटिनमध्ये 'स्क्रोफ्युला' म्हणत. वनस्पतीचा जो भाग रोगासारखा दिसेल तो त्या रोगावर गुणकारी, अशी त्या काळच्या वैद्यांची समजूत होती. गाठीवर गाठ उतारा म्हणून ही वनस्पती गंडमाळेवर दिली जाऊ लागली आणि तेच नाव तिला चिकटले. पुढे 1882 साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधला आणि गंडमाळ हा बहुतेक वेळा मानेतील लसिका-ग्रंथींचा क्षय असतो हे स्पष्ट झाले. समजूत गेली, नाव राहिले. वनस्पतीचे नाव ही ओळखीची खूण असते. त्या नावातला दावा खरा असलाच पाहिजे असे नाही.

1789 साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंत्वान लॉरां द ज्युस्यू यांनी वनस्पतींची कुळे मांडली, तेव्हा या प्रजातीच्या नावावरून एक कुळ झाले. जॉर्ज बेंथम यांनी 1835 साली भारतातील या कुळाच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथातही (1901–1908) हे कुळ चांगले ऐसपैस आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस या कुळात सुमारे पावणेतीनशे प्रजाती आणि पाच हजारांच्या आसपास जाती होत्या.

आपल्या ओळखीचे त्यात कोण नव्हते? पाणथळ जागी पसरणारी, मांसल पानांची नीरब्राह्मी होती. हृदयरोगावरचे औषध देणारी डिजिटॅलिस होती. तिचा औषधी उपयोग विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने 1785 साली पुस्तक लिहून जगापुढे मांडला. हिमालयातील कडू कुटकी होती. बागेतले डॉग फ्लॉवर आणि टोरेनिया होते. भाताच्या बांधांवरच्या चिमुकल्या लिंडर्नियाच्या जाती होत्या. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर फुलणारी दुधाळी आणि लांब नळीची पांढरी तुतारी होती. आणि ज्वारीच्या शेतकऱ्याचा वैरी टारफुला, तोही यातलाच. मराठी पुस्तकांत या कुळाला 'नीरब्राह्मी कुळ' असेही म्हटलेले आढळते.

उरलेल्यांचे कुळ

एवढा मोठा गोतावळा एका कुळात घातला तो कोणत्या लक्षणांवरून? ती लक्षणे त्या मुलाने उत्तरपत्रिकेत लिहिलीच होती. पण तीच थोडी बारकाईने पाहू.

दोन ओठांचे फूल तुळशीलाही असते, अडुळशालाही असते आणि तिळाचे फूलही फारसे निराळे नसते. मग फरक कसा करायचा? तुळशीच्या अंडाशयाचे चार भाग होतात आणि चार कठीण फळे मिळतात, म्हणून तुळशीचे कुळ वेगळे. अडुळशाच्या फळात बियांना टेकू देणारे आकडे असतात आणि फळ तडकून बिया दूर उडतात, म्हणून अडुळशाचे कुळ वेगळे. टेकोमाच्या बियांना पंख असतात, म्हणून तेही कुळ वेगळे. अशी एकेक विशेष खूण असलेली मंडळी बाजूला काढल्यावर ज्यांच्याजवळ अशी काहीच खास खूण नव्हती ती उरली. साधे बोंड, त्यात पुष्कळ बारीक बिया, दोन ओठांचे फूल. या उरलेल्यांचे स्क्रोफ्युलॅरिएसी झाले.

शाळेच्या कपाटात एक खोका असतो, त्यावर 'इतर' असे लिहिलेले असते. त्यात डिंकाची बाटली, तुटका कंपास, जुनी घंटा असे काहीही सापडते. या वस्तू एका खोक्यात आहेत, पण एकमेकींशी त्यांचे नाते आहे असे कोणी म्हणणार नाही. हे कुळ तसाच एक खोका असावा, अशी शंका वनस्पतिशास्त्रज्ञांना पूर्वीपासून होती. सिद्ध करायचे कसे, हा प्रश्न होता.

पोथीच्या नकलांचा न्याय

छापखाना येण्यापूर्वी पोथ्या हाताने उतरून घेत. समजा, एका मूळ पोथीत 'पाणी' असा शब्द होता. एका लेखकाने नकलताना चुकून 'वाणी' लिहिले. आता त्याच्या नकलेवरून ज्यांनी नकला केल्या त्या सगळ्यांत 'वाणी' येणार. दोनशे वर्षांनी आपल्याला पन्नास नकला मिळाल्या आणि त्यांतल्या बारांमध्ये 'वाणी' दिसले, तर त्या बारा नकला एकाच शाखेच्या आहेत असे आपण बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो. पण उरलेल्या अडतीस नकलांत 'पाणी' आहे, म्हणून त्या अडतीस एका शाखेच्या, असे म्हणता येईल का? मुळीच नाही. 'पाणी' हा मूळचाच शब्द आहे. तो कोणत्याही शाखेत टिकून राहिला असेल. थोडक्यात, समान नवा बदल नाते दाखवतो. समान जुना वारसा नाते दाखवत नाही.

स्क्रोफ्युलॅरिएसीची लक्षणे ही अशी 'पाणी' वाली लक्षणे होती. तुळस, अडुळसा, तीळ आणि डॉग फ्लॉवर या सगळ्यांच्या मोठ्या गणात ती आधीपासूनच पसरलेली होती. ज्यांनी ती बदलली नाहीत ते सगळे एका खोक्यात गेले.

खरी नाती शोधायला दुसरा मजकूर हवा होता. तो पेशीत मिळाला. हिरव्या पानांतील हरितलवकांमध्ये स्वतःचे डीएनए असते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नकला होतात आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. त्यातील काही जनुके निरनिराळ्या वनस्पतींतून घेऊन अक्षरे ओळीने मांडली की पोथ्यांप्रमाणे त्यांच्याही शाखा लावता येतात. अमेरिकेतील रिचर्ड ओल्मस्टेड आणि पॅट्रिक रीव्ह्ज यांनी 1995 साली अशा दोन जनुकांच्या आधारे दाखवून दिले की स्क्रोफ्युलॅरिएसी हे एका पूर्वजाचे घराणे नाही. 2001 साली ओल्मस्टेड आणि सहकाऱ्यांनी अधिक वनस्पती घेऊन आणखी एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच या कुळाच्या 'विघटना'चा उल्लेख होता.

वाटण्या

एकत्र कुटुंबाच्या वाटण्या झाल्या की घराण्याचे नाव कोणाकडे जाते, हा प्रश्न येतोच. येथे त्याचा नियम ठरलेला आहे. ज्या प्रजातीवरून कुळाचे नाव पडले ती जिकडे जाईल तिकडे नाव जाते. म्हणून स्क्रोफ्युलॅरिया ज्या शाखेत आली तिला स्क्रोफ्युलॅरिएसी हे नाव राहिले. तिच्या सोबतीला आले व्हर्बास्कम. पूर्वी स्वतंत्र मानलेले बडलिया. ऑस्ट्रेलियातील एरेमोफिला आणि आफ्रिकेतील काही प्रजाती. आता या कुळात सुमारे साठ प्रजाती आहेत. त्यांतील बहुतेकांची एक खूण भिंगाखाली दिसते. परागकोशाचे दोन कप्पे टोकाला एकजीव झालेले असतात आणि एकाच सलग चिरेने उघडतात.

महाराष्ट्रात या खऱ्या स्क्रोफ्युलॅरिएसीचा एक प्रतिनिधी सहज भेटतो. नदीकाठी आणि पडीक जागी पिवळ्या फुलांचे एक उंच तण उगवते, त्याचे नाव व्हर्बास्कम चायनेन्से. जुन्या ग्रंथांत ते सेल्सिया कोरोमांडेलियाना या नावाने आहे. व्हर्बास्कमला पाच पुंकेसर असतात आणि याला चारच, म्हणून त्याची प्रजाती पूर्वी वेगळी मानली होती. पुंकेसरांच्या देठांवर जांभळट केसांची लव असते, ती मुलांना जरूर दाखवावी. पाचवा पुंकेसर फिगवर्टमध्ये खवला होऊन उरतो, व्हर्बास्कमच्या बहुतेक जातींत पूर्ण असतो आणि येथे नाहीसा होतो. एकाच घराण्यात एक अवयव टप्प्याटप्प्याने कसा कमी होतो याचे हे सुरेख उदाहरण आहे.

डॉग फ्लॉवर, डिजिटॅलिस, कुटकी आणि नीरब्राह्मी हे सारे मात्र दुसऱ्या शाखेत गेले. त्या शाखेत कोण आधीच बसलेले असावे? इसबगोल! इसबगोलाची फुले बारीक, कागदी, चार पाकळ्यांची आणि सगळीकडून सारखी असतात. डॉग फ्लॉवरशी त्यांचे काही साम्य दिसत नाही. पण इसबगोलाच्या प्रजातीत पराग प्रामुख्याने वाऱ्यावर जातात. वाऱ्याला रंग नको, ओठ नकोत, मधमाशीला उतरायला ओटा नको. गरज संपली तसे फूल साधे होत गेले. डीएनएच्या मजकुरात मात्र नाते टिकून आहे. इसबगोलाच्या प्रजातीचे नाव प्लँटॅगो, आणि नामकरणाच्या नियमांनुसार सगळ्या शाखेला तेच कुळनाव मिळाले, प्लँटॅजिनेसी. मुलाने लिहिले होते ते हेच.

यात एक गंमत आहे. मराठीत ज्या कुळाला आपण नीरब्राह्मी कुळ म्हणत होतो, त्यातून नीरब्राह्मीच बाहेर पडली आहे.

टोरेनिया आणि लिंडर्निया यांचे आता स्वतंत्र कुळ झाले, लिंडर्निएसी. अशाच पद्धतीने सागवान आपल्या जुन्या कुळातून निघून तुळशीच्या कुळात गेला आहे.

टारफुला आणि किल्ल्याची भिंत

नावांच्या या फेरफाराने प्रत्यक्षात काय साधले, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर टारफुल्यात आहे.

टारफुला, म्हणजे स्ट्रायगा, ही हिरवी आणि पांढऱ्या फुलांची लहानशी वनस्पती आहे. पण तिची मुळे जमिनीखाली ज्वारीच्या मुळांत घुसतात आणि पाणी, क्षार, अन्न ओढून घेतात. टारफुला वर दिसू लागेपर्यंत ज्वारीचे पुष्कळ नुकसान होऊन गेलेले असते. तिची बी धुळीच्या कणाएवढी असते, एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्या जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. जवळ यजमानाचे मूळ आहे अशी रासायनिक वर्दी मिळाल्याशिवाय त्या रुजत नाहीत.

ही वर्दी देणारे पहिले द्रव्य, स्ट्रायगॉल, 1966 साली कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळे केले गेले. कापसावर टारफुला वाढू शकत नाही, पण कापसाच्या मुळांजवळ तिची बी फसून रुजते आणि मरते. ज्वारीच्या शेतात कापसाची फेरपालट करण्याचे शास्त्र यातच आहे.

वनस्पती शत्रूला वर्दी का देतात, याचे उत्तर 2005 साली मिळाले. जपानी संशोधकांनी दाखवले की ही द्रव्ये मुळांवर राहणाऱ्या उपकारक बुरशीला बोलावण्यासाठी असतात. ती बुरशी झाडाला स्फुरद मिळवून देते. टारफुल्याने मित्रासाठी घातलेली हाक ऐकायला शिकून घेतले. 2008 साली कळले की हीच द्रव्ये झाडाच्या फांद्या किती फुटाव्यात याचेही नियंत्रण करतात. ही वर्दी कमी देणाऱ्या ज्वारीच्या जाती हा टारफुल्याला रोखण्याचा एक मार्ग ठरला. टारफुल्याला दाद न देणाऱ्या ज्वारीच्या जाती तयार करण्याच्या कामासाठी इथिओपियात जन्मलेले संशोधक गेबिसा एजेटा यांना 2009 सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आता वर्गीकरणाकडे येऊ. जुन्या पद्धतीत टारफुल्यासारखे हिरवे, अर्धे परजीवी स्क्रोफ्युलॅरिएसीत होते. तंबाखू आणि वांग्याच्या मुळांवर वाढणारी, हरितद्रव्य नसलेली ऑरोबँकी स्वतंत्र कुळात होती. नव्या मांडणीत टारफुला, दुधाळी, तुतारी, ऑरोबँकी आणि सह्याद्रीत गवताच्या मुळांवर वाढणारी एजिनेशिया हे सगळे मूळ-परजीवी एकाच शाखेत, ऑरोबँकेसीत आले. याचा अर्थ असा की या शाखेत दुसऱ्याच्या मुळात घुसण्याची युक्ती एकदाच निर्माण झाली. त्यांतल्या काहींनी पुढे हरितद्रव्यही टाकून दिले, तेही एकापेक्षा अधिक वेळा. सड्यावरची ती देखणी तुतारीसुद्धा जमिनीखाली चोरीच करते. ऑरोबँकीसारख्या तणाबद्दल आपण जे शिकू ते टारफुल्यालाही लागू पडण्याची शक्यता वाढली, कारण दोघांची हत्यारे एकाच पूर्वजाकडून आली आहेत.

मग या चोरांचा सर्वांत जवळचा प्रामाणिक भाऊबंद कोण? हे ऐकून कार्यशाळेतल्या बाई चकित झाल्या. जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या भिंतींवर, दगडांच्या सांध्यांतून वाढणारे पिवळ्या फुलांचे एक मऊ, लवदार झुडूप असते. त्याचे नाव लिंडेनबर्जिया. ते पूर्ण हिरवे, स्वतःचे अन्न स्वतः करणारे, कोणाच्या मुळाला न शिवणारे. परजीवींच्या संपूर्ण शाखेची सख्खी भावंड शाखा म्हणजे हे झाड. परजीवीपणा येताना जनुकांत नेमके काय बदलले हे शोधायचे असेल, तर टारफुल्याची तुलना करायला लिंडेनबर्जियाइतका योग्य सोबती नाही आणि संशोधक आज तशी तुलना करतही आहेत. 'इतर' लिहिलेल्या खोक्यात हे दोघे असेपर्यंत ही तुलना सुचण्याला भक्कम आधार नव्हता. दोन गुणांच्या वादाचा संबंध ज्वारीच्या कणसाशी पोहोचतो तो असा.

वर्गात काय करता येईल

डॉग फ्लॉवर, टोरेनिया, तुळस आणि अडुळसा यांची फुले व फळे गोळा करावीत. मुलांना लक्षणांचा तक्ता करू द्यावा आणि मग एकच प्रश्न विचारावा : 'यांतले कोणते साम्य जुना वारसा असेल आणि कोणते नवा बदल?' उत्तर लगेच येणार नाही, पण प्रश्न डोक्यात राहील. टोरेनियाच्या कुक्षीला दोन पाती असतात. त्यांना काडीच्या टोकाने हळूच स्पर्श केला तर काही सेकंदांत ती मिटतात. हा प्रयोग मुले विसरत नाहीत. टारफुला असलेल्या शेतात शेतकऱ्याच्या परवानगीने एक ज्वारीचे ताट मातीसकट खणून, पाण्यात हळू धुऊन, दोघांच्या मुळांचा जोड पाहावा. मात्र फुलावर आलेला टारफुला शाळेच्या आवारात आणून टाकू नये, कारण त्याची बी पसरते.

राहिला तो मुलगा. त्याचे उत्तर आजच्या ज्ञानाप्रमाणे बरोबर होते. परीक्षकांनी लिहिलेले उत्तर बेंथम व हूकर यांच्या पद्धतीप्रमाणे बरोबर होते आणि अनेक अभ्यासक्रम अजून ती पद्धत शिकवतात. फुले ओळखायला ती सोपीही आहे. म्हणून कोणत्या पद्धतीप्रमाणे कुळ लिहायचे, हे प्रश्नातच सांगायला हवे होते. आम्ही बाईंना सुचवले की मुलांना दोन्ही नावे लिहू द्यावीत आणि प्रत्येक नावापुढे पद्धतीचे नाव घालायला लावावे.

काही दिवसांनी बाईंचे पत्र आले. गुण काही परत मिळाले नव्हते. पण सुट्टीच्या दिवशी तो मुलगा आणि शाळेची आठ-दहा मुले जवळच्या किल्ल्यावर गेली होती आणि बुरुजाच्या भिंतीवर त्यांना लिंडेनबर्जिया सापडले होते. पत्रासोबत वहीच्या पानात दाबून वाळवलेली एक फांदी होती. तिच्याखाली मुलाने दोन्ही कुळे लिहिली होती, आणि प्रत्येकापुढे कंसात पद्धतीचे नाव.